मोटारखान्यातील दीर्घ निद्रा

१९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारगाड्यांच्या टिकाऊपणाची एक परीक्षा घेण्यात आली. घाटांचे चढउतार धरून ६२० मैलांची ती दौड, डांबरी सडकांची कल्पनाही रूढ नसलेल्या त्या काळात, मातीच्या आणि खडीच्या रस्त्यांवरून पुरी करावयाची होती. आणि तीत विजयी ठरलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉइस गाडी पुढे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे महाराज यांनी आपल्या संग्रही घेतली. या घटनेचे महत्त्व एका गाडीच्या विक्रीपुरते नाही. विलायतेच्या सपाट रस्त्यांसाठी घडविलेले हे यंत्र सह्याद्रीच्या घाटांतही दगा देत नाही, याचा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर यांसारख्या मोठ्या मराठी संस्थानांपासून दक्षिण महाराष्ट्रातील लहानमोठ्या जहागिरींपर्यंत मोटार ही दरबारी इतमामाची अपरिहार्य वस्तू होऊन बसली.

त्या मोटारी कशा धावल्या याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्या कशा थांबल्या, किती वर्षे थांबल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा चालते करण्याची विद्या आपल्याकडे कशी घडत गेली, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. आणि माझ्या मते या यंत्राच्या आपल्या देशातील इतिहासाचा अधिक बोलका भाग तोच आहे. कारण जी गाडी अखंड धावत राहिली ती झिजली, तिचे भाग बदलले गेले, आणि अखेरीस ती भंगारात गेली. आज जी अस्सल स्वरूपात आपल्यासमोर उभी आहे ती बहुतेक अशी, की जिच्यावर कोणीतरी, कोणत्यातरी कारणाने, एके दिवशी दार लावून घेतले होते.

मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल यांची परंपरा शिवकालापासून चालत आलेली. पीलखाना, जामदारखाना, फरासखाना, शिकारखाना, नगारखाना अशा या खात्यांना आपापला कारभारी, आपापले दफ्तर आणि आपापले शिरस्ते असत. विसाव्या शतकाने या यादीत मोटारखान्याची भर घातली. कित्येक ठिकाणी तर जुन्या पागेच्याच कमानी किंचित रुंद करून तेथे मोटारी उभ्या करण्यात आल्या, आणि पागेतील मोतद्दार व चाबूकस्वार यांच्याच घरची पुढची पिढी शोफर आणि मेस्त्री म्हणून तैनातीस लागली. जनावराची निगा राखण्याची जी शिस्त त्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती, ती या नव्या चाकरीतही उतरली असली पाहिजे, असे मानावयास मला संकोच वाटत नाही. कारण मोटारीस दररोज पुसणे, तिला ठरावीक मुदतीने थोडे तरी फिरवून आणणे, आणि फिरवणे शक्य नसेल तेव्हा तिची चाके जमिनीवरून उचलून ती ठोकळ्यांवर ठेवणे, ही सारी कामे अशा माणसाच्या हातूनच नीट होतात, की ज्याला उभे राहूनही बिघडणाऱ्या जिवाची सवय आहे.

या काळजीला आपल्याकडे धर्माचाराचेही पाठबळ मिळाले. खंडेनवमीस शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करण्याचा जो प्रघात आहे, त्यात मोटारीचा समावेश विनासायास झाला. गाडी वर्षभर वापरात असो वा नसो, त्या दिवशी तिला उजेडात आणून धुणे, तिच्या बॉनेटला झेंडूचा हार घालणे, नारळ वाढविणे हे क्रमप्राप्त ठरले; आणि ज्या घरांत हा कुळाचार चुकला नाही, त्या घरांतील गाडीचे इंजिन निदान वर्षातून एकदा फिरण्याची सोय आपोआप झाली. यंत्रविद्येच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

या मोटारींवर पहिली मोठी निद्रा लादली ती दुसऱ्या महायुद्धाने. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच इंग्लंडात पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि १९४२ च्या जुलैत तर खाजगी वापरासाठी मिळणारा मूळ शिधाही बंद करण्यात आला; तो पुन्हा मिळू लागला १९४५ च्या जूनमध्ये. या तीन वर्षांत त्या देशातील असंख्य गाड्या घराशेजारच्या कोठडीत लाकडी ठोकळ्यांवर चढल्या. शत्रू उतरला तर त्याच्या हाती चालती गाडी लागू नये म्हणून, उभी केलेली मोटार निरुपयोगी करून ठेवण्याची सक्ती १९४० पासूनच होती, आणि त्यासाठी डिस्ट्रिब्युटरमधील रोटर आर्म काढून खिशात घालून जाण्याची सवय तेथील नागरिकांना लागली होती. युद्ध संपल्यावर या गाड्या पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग एकाच वेळी इतक्या लोकांवर आला, की बंद गाडी जागी करण्याची कला ही तोवर मोजक्या कारागिरांपुरती असलेली गोष्ट तेथे सामान्य गृहस्थाच्या ज्ञानाचा भाग बनली. जुन्या गाड्यांविषयीचे त्या देशाचे प्रेम ‘जेनेव्हीव्ह’ या १९५३ सालच्या चित्रपटाने साऱ्या जगास दाखविले. लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या १९०४ सालच्या एका दाराक गाडीची ती कथा.

हिंदुस्थानातही १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले. सरकारी कामाच्या आणि प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना मागे कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर चालविण्याचा प्रयोग देशभर झाला, आणि भट्टी पेटवून, पंखा फिरवून, गॅस धरेपर्यंत तिष्ठत बसणारी ती मोटार त्या पिढीतील प्रवाशांच्या आठवणीत कायमची राहिली. या गॅसवर इंजिनाची शक्ती बरीच घटे, आणि नीट गाळून न आलेली राख सिलिंडरच्या भिंती खरवडून काढी. संस्थानिकांच्या मोठ्या गाड्यांना हा उपाय सोसण्यासारखा नव्हता. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टचे इंजिन सात लिटरांहून मोठे, त्यानंतरच्या फँटमचे त्याहूनही थोरले. रेशनच्या कुपनांवर मिळणारे पेट्रोल अशा गाडीस कितीसे पुरणार? तेव्हा सर्वांत आधी दार लागले ते या थोरल्या गाड्यांवर. हा बंदोबस्त तात्पुरता आहे, लढाई संपताच पुन्हा सारे पूर्ववत होईल, अशा समजुतीने ते लावले गेले होते.

परंतु लढाई संपून तीन वर्षे होतात न होतात तोच संस्थानेच राहिली नाहीत. १९४८ च्या ८ मार्चला दक्षिणेतील संस्थाने मुंबई इलाख्यात विलीन झाली. त्याच वर्षी ग्वाल्हेर आणि इंदूर यांचा मध्यभारत संघ झाला. १९४९ च्या १ मार्चला कोल्हापूर आणि १ मे रोजी बडोदे यांचेही विलीनीकरण झाले. विलीनीकरणाच्या करारान्वये राजेसाहेबांची खाजगी मालमत्ता कोणती आणि दौलतीची कोणती हे ठरवून तिच्या याद्या सरकारात दाखल करावयाच्या होत्या. वाडे, बागा, जडजवाहीर, देवस्थानांची उत्पन्ने यांच्या बरोबरीने मोटारींचीही विभागणी झाली, आणि खाजगीकडे आलेल्या गाड्यांना पूर्वीचा खर्च पुरविणारे खातेच उरले नाही. मेस्त्री आणि शोफर यांपैकी कोणी सरकारी नोकरीत गेले, कोणी एस. टी. मध्ये, तर कोणी आपला लहानसा कारखाना थाटला. गाडी मागे राहिली. तिचा स्वभाव जाणणारा माणूस गेला.

त्यातच आयातीचे निर्बंध आले. शिवडीस जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून परदेशी भाग जुळवून गाड्या तयार करीत असे; जे कारखानदार गाडी येथेच घडवू इच्छीत नाहीत त्यांना थारा नाही, हे धोरण १९५३ साली ठरल्यावर तिने पुढल्याच वर्षी आपले काम गुंडाळले. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने आणि कलकत्त्याजवळच्या हिंदुस्थान मोटर्सने मोजक्या नमुन्यांच्या गाड्या घडविण्यास आरंभ केला. ब्यूक, पॅकार्ड, हडसन, डेमलर यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. अशा स्थितीत ज्यांना आपली जुनी गाडी चालवायचीच होती, त्यांनी ती जमेल तशी चालविली: एकीला जीपचे इंजिन बसले, दुसरीला डिझेलचे, तिसरीचा गिअरबॉक्स लॉरीतून आला, आणि सहा सिलिंडरांची मूळची यंत्रे वजनावर भंगारवाल्याकडे गेली. त्या मेस्त्र्यांना दोष देण्याचे कारण नाही. परिस्थितीने त्यांना दिलेला प्रश्न त्यांनी असामान्य कौशल्याने सोडविला. परंतु परिणाम असा झाला, की चालत्या गाड्यांमधून अस्सलपणा निघून गेला आणि तो शिल्लक राहिला तो बंद गाड्यांमधून. जिला कोणी हात लावला नाही तिचा मूळचा कार्बुरेटर, मूळचा मॅग्नेटो, कारखान्याने ठोकलेला इंजिनाचा क्रमांक आणि दाराच्या आतली अस्तराची दोऱ्याची शिवण हे सारे अबाधित राहिले.

पुढे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले. उरल्यासुरल्या मोटारखान्यांची दारे त्यानंतर लागली. कोठे वारसांचे दावे कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे दारावर मोहोर बसली, कोठे छप्पर गळू लागले तरी ते शाकारण्याची ऐपत उरली नाही. पुष्कळ गाड्या त्याआधीच परदेशी संग्राहकांनी नेल्या होत्या. इंदूरचे यशवंतराव होळकर महाराज यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास विलायतेत गर्नी नटिंग यांनी बांधणी केलेली ड्यूसेनबर्ग ही अशीच अमेरिकेस गेली. हैदराबादेची एक गाडी मात्र जागची हलली नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली, घुमटाकार छताची आणि सिंहासनासारख्या आसनाची ती पिवळी रोल्स-रॉइस, ती तयार होऊन येण्यापूर्वीच १९११ साली त्यांचे निधन झाल्याने त्यांच्या उपयोगास आलीच नाही. त्यांच्या वारसांनीही ती केवळ समारंभापुरती वापरली, आणि फारच थोडे अंतर चाललेली ती गाडी अनेक दशकांच्या विश्रांतीनंतर या शतकात दुरुस्त होऊन चौमहल्ला राजवाड्यात लोकांसमोर आली. मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता त्या राज्याची ही स्मृती आपल्याही इतिहासाचा एक तुकडा आहे.

आता बंद दाराआड या यंत्राचे काय होते ते पाहू. गाडी उभी राहिली म्हणजे ती विश्रांती घेते असा जो सर्वसाधारण समज आहे तो सर्वस्वी चुकीचा आहे. टाकीतील पेट्रोलचा हलका अंश काही महिन्यांतच उडून जातो, आणि उरलेला भाग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून प्रथम रोगणासारखा पिवळट आणि कालांतराने डांबरासारखा चिकट होतो. कार्बुरेटरच्या जेटमधील केसाएवढी छिद्रे त्याने बुजतात. इंजिनातील तेल पृष्ठभागांवरून ओघळून तळच्या तेलपात्रात, म्हणजे संपमध्ये, जमते, आणि ज्वलनातून त्यात मिसळलेली आम्ले बेअरिंगच्या पांढऱ्या धातूस हळूहळू खात राहतात. अनेक सिलिंडरांचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबविले तरी त्यातील एखाददुसऱ्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. त्या उघड्या वाटेने पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, आणि बाकीचे सिलिंडर तुकतुकीत असताना तेवढ्या एकाच्या भिंतीवर गंजाचे कडे बसून पिस्टनची रिंग तेथे घट्ट धरली जाते. कोकणपट्टीत आणि मुंबईत चार महिन्यांचा पावसाळा ज्या गतीने हे काम करतो, त्या गतीची कल्पना युरोपातील पुस्तके वाचून येत नाही.

ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. जुन्या मॅग्नेटोच्या आर्मेचरवरील तारांच्या वेढ्यांना लाखेचे लेपन असे, आणि ही लाख जगाला बव्हंशी हिंदुस्थानच्याच जंगलांतून मिळत असे. उष्णतेने ही लाख मऊ होऊन ओघळते आणि आर्मेचर व त्याभोवतालचे लोखंड यांच्यातील अतिशय अरुंद फटीत जाऊन थिजते. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या गाडीचा मॅग्नेटो अशा रीतीने आतून जखडलेला असतो, आणि ते ध्यानात न घेता कोणी इंजिन जबरदस्तीने फिरविले तर त्याला फिरविणारा दात तुटतो किंवा वेढे उसकटतात. यांशिवाय उंदीर आहेतच. सुती वेष्टनाच्या तारा कुरतडून ते आसनांतील केसांच्या गादीत घर करतात. आतील लाकडी सांगाड्यास वाळवी लागते आणि कातड्यावर बुरशी चढते. ज्या गाड्यांना तेलाचे ब्रेक आहेत त्यांतील तेल हवेतील पाणी शोषून घेऊन चाकांजवळचे सिलिंडर गंजवून टाकते, आणि क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. टायरचा जो भाग जमिनीस टेकलेला असतो तेथे कायमचा सपाटपणा येतो.

अशी गाडी जागी करावयाची म्हणजे काय करावयाचे? उत्साही वारसदाराचा पहिला विचार नवी बॅटरी आणून सेल्फ मारण्याचा असतो, आणि तीस-चाळीस वर्षांच्या निद्रेने जे बिघडले नाही ते त्या अर्ध्या मिनिटात बिघडते. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीवर आला. हँडल उलटून मनगट मोडण्याचे भय त्याने संपविले, स्त्रियांना आणि वृद्धांना मोटार चालविणे सुलभ केले, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु हँडल फिरविणाऱ्या हाताला इंजिनाच्या आत काय चालले आहे याचे जे ज्ञान होई, ते बटण दाबणाऱ्या बोटाला होत नाही. कोणता सिलिंडर दाब धरतो, कोणता सोडतो, कोठे काही अडते आहे, हे सारे त्या लोखंडी दांड्यातून तळहातास कळते. आणि म्हणूनच बंद गाडी उघडणारा जाणता मेस्त्री, गाडीला सेल्फ असला तरी, आरंभी त्याच्याकडे पाहतही नाही.

त्याची रीत निराळी असते. गाडी तो जागची हलवीत नाही, आणि गिअरमध्ये टाकून दोरीने ओढण्याचा आग्रह कोणी धरला तर तो मोडून काढतो. सर्व प्लग काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिनचे तेल यांचे मिश्रण सोडून, छिद्रांना कापडाचे बोळे लावून तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी येऊन मिश्रणाची पातळी पाहतो; ज्या सिलिंडरमधून ते झिरपून गेले तेथील रिंग सुटल्या, जेथे ते तसेच आहे तेथे गंज धरून आहे, असे अनुमान काढतो आणि पुन्हा थोडे सोडतो. या प्रतीक्षेला आठवडा लागो वा महिना, ती तो कमी करीत नाही. दरम्यान झडपांवरील झाकण उघडून एकेका झडपेच्या दांड्यास तेल देतो, ती हाताने दाबून मोकळी होते की नाही ते पाहतो. कारण झडप वर अडकलेली असताना इंजिन फिरले तर तिचा दांडा वाकतो किंवा पिस्टन तिच्यावर आदळतो. मॅग्नेटो तो आधीच सोडवून बाजूला घेतलेला असतो. मग केव्हातरी टॉप गिअर टाकून गाडी हाताने किंचित पुढेमागे डोलवितो. इंजिन सुताभर हलले तर तेथेच थांबून तितकेच मागे घेतो. पुढे रेटीत नाही. आलेल्या वाटेने परत जाऊन पुन्हा तेल सोडणे आणि पुन्हा सुताभर पुढे येणे, असे करीत करीत पूर्ण फेरा सुटतो.

यानंतर संप उघडला जातो. तळाशी काळ्या चिखलाचा जो थर निघतो, त्यावरून जुन्या मालकाने गाडीचे तेल किती वेळा बदलले आणि गाडी कशा स्थितीत बंद झाली याचा पत्ता लागतो; त्या चिखलात पांढऱ्या धातूचे चकचकीत कण दिसले तर काम येथेच थांबवून बेअरिंग पाहावी लागते. नवे तेल घालून, प्लग न लावता, हँडलने इंजिन फिरवीत राहावे, म्हणजे कोणताही भार न पडता तेल वरपर्यंत पोचते. टाकीवर विश्वास ठेवण्याचे कारण नसते. ती काढून, आत खडे आणि साखळी घालून घुसळून साफ होईपर्यंत, एखाद्या लहान डब्यात ताजे पेट्रोल घेऊन तो उंचावर टांगावा आणि नळीने कार्बुरेटरला जोडावा, हा आपल्याकडील गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय येथे सर्वांत सुरक्षित. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने पुसून, प्लग अंगाला टेकवून ठिणगी पाहिली जाते. निळी, टणक ठिणगी पडली की अर्धी चिंता मिटते. जी गाडी सहा व्होल्टांची आहे तिला बारा व्होल्टांची बॅटरी लावण्याचा मोह येथे पुष्कळांना होतो. त्याने दिवे जळून जातात आणि जुन्या तारा तापतात.

अखेर हँडल. इग्निशनची वेळ मागे ओढून, अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून, म्हणजे हँडल उलटले तर ते हातातून सुटून जाईल अशा पकडीने, खालून वर ओढा द्यावयाचा; वरून खाली दाबावयाचा नाही, हा नियम शोफरच्या पहिल्या धड्यातला. वाळूची बादली जवळ असावी. पहिल्या खोकल्यासारख्या आवाजानंतर सायलेन्सरमधून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो, त्याबरोबर उंदरांच्या घरट्याचे अवशेष बाहेर पडतात, आणि जमलेल्या मंडळींत आनंदाचा कल्लोळ होतो. परंतु मेस्त्रीची दृष्टी त्या क्षणी तेलाच्या काट्यावर खिळलेली असते. काटा काही क्षणांत चढला नाही तर तो इंजिन बंद करतो. चढला तर मंद गतीने दोन-चार मिनिटे चालू देतो, पाण्याची गळती पाहतो, मग थांबवितो, आणि गरम असतानाच ते नवे तेलही काढून टाकतो, कारण जागोजागी साठलेला जुना मळ आता त्यात उतरलेला असतो. ब्रेक उघडून पाहिल्यावाचून गाडी अंगणाबाहेर नेत नाही. पुष्कळांना हा शेवटचा टप्पा रटाळ वाटतो, आणि अपघात होतात ते याच ठिकाणी.

ही विद्या आपल्याकडे पुस्तकांतून आली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीच्या इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांनी, मुंबईत भायखळा आणि ग्रँट रोडच्या गल्ल्यांतील गॅरेजवाल्यांनी, भाग मिळत नाही म्हणून तो लेथवर स्वतःच घडविण्याच्या अपरिहार्यतेतून ती कमावली. कोल्हापुरातील राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक गाडी हे या संदर्भात फार उद्बोधक उदाहरण आहे. फ्रीड्रिखसहाफेनच्या त्या कारखान्याने १९२१ पासून दोन दशकांत सुमारे अठराशेच गाड्या घडविल्या. युद्धात तो रणगाड्यांच्या इंजिनांकडे वळला आणि युद्धानंतर त्याने मोटारी घडविण्याचे काम पुन्हा हाती घेतले नाही. राजाराम महाराज १९४० साली निवर्तले. म्हणजे निर्माता राहिला नाही आणि मूळ धनीही राहिला नाही. तरीही दसऱ्याच्या सायंकाळी अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या दसरा चौकात येतात तेव्हा छत्रपतींची स्वारी याच मेबॅकमधून येण्याचा शिरस्ता आजच्या काळापर्यंत चालत आला आहे. वर्षाचा बहुतेक काळ विसावलेल्या या गाडीस सोने लुटण्याच्या मुहूर्तावर हजर व्हावेच लागते, आणि ही सक्तीच तिला टिकविणारी ठरली. पदार्थसंग्रहालयात काचेआड ठेवलेल्या गाडीचे रंगरूप राहते. तिचे सील आटतात, रिंग धरतात, आणि तिला चालविणाऱ्यांची परंपराही तुटते. तेव्हा संग्रहालयांनी आपल्या जुन्या गाड्या वर्षातून निदान एकदा सुरू करण्याचा नियमच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारनेही या गाड्यांची दखल अलीकडे निराळ्या प्रकारे घेतली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या वाहनांना २०२१ च्या नियमांन्वये ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी मिळू लागली, आणि तिची फी २०,००० रुपये ठेवण्यात आली. मूळ स्वरूपाची ही अट वाचताना, ज्यांच्या हातून मूळचे यंत्र भंगारात गेले त्यांच्याविषयी खेद वाटतो. आता या पन्नास वर्षांच्या मर्यादेत संस्थानिकांच्या गाड्यांच्या मागोमाग मध्यमवर्गाच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. कुर्ल्याची फियाट ११००, आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, या गाड्या आज गिरगावातील चाळींच्या आवारात, पुण्यातील बंगल्यांच्या मागे, सांगली-साताऱ्याच्या वाड्यांत आच्छादनाखाली उभ्या आहेत. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली गाडी मुलाला विकवत नाही आणि चालविताही येत नाही, म्हणून ती उभी राहते.

या लहान गाड्यांचे इंजिन अकराशे सी.सी.चेही भरत नाही, भाग अद्याप मिळतात, आणि ज्यांनी हयातभर याच गाड्या उघडल्या-जोडल्या ते मेस्त्री अजून काम करीत आहेत. तेव्हा त्यांना जागे करणे एखाद्या घोस्ट वा मेबॅकच्या मानाने पुष्कळ सोपे. त्यांच्यापुढील संकट वेगळे आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषून घेते, जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि नळ्या मऊ करून फुगविते, आणि टाकीच्या तळाशी पाणी साचवून पत्रा आतून खाते. युद्धकाळातील पेट्रोल जे काम काही वर्षांत करी ते हे पेट्रोल एका पावसाळ्यात करू शकते. गाडी उभी करणाराने म्हणून आच्छादन घालण्यापूर्वी टाकी आणि कार्बुरेटर दोन्ही कोरडी करावीत, पेट्रोल पंपाचा आणि कार्बुरेटरचा नव्या धर्तीच्या रबराचा संच आतापासूनच मिळवून ठेवावा, बॅटरी सोडवून घरात आणावी, प्लगच्या छिद्रांतून चमचा-चमचा तेल सोडून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे, आणि गाडी कोणत्या तारखेस, कोणत्या स्थितीत, काय काय काढून बंद केली याची नोंद एका कागदावर करून तो कागद स्टिअरिंगला बांधून ठेवावा.